पोटरीत अचानक कळ आली? ओळखण्यापासून परत पळण्यापर्यंत

यवतेश्वरचा घाट चढत होते, तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास डाव्या पोटरीवर मागून कुणीतरी खडा मारल्यासारखं झालं. मी खरंच मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनला ५ आठवडे राहिले होते, भुरभुर पाऊस चालू होता, आणि मला वाटलं की गोळा आला असेल, चोळलं की जाईल. म्हणून कठड्यावर बसून चोळलं, चवडा हाताने ओढून पाय ताणला आणि तसंच लंगडत अजून दीड किलोमीटर वर गेले. दुसऱ्या दिवशी एकांकडून तेल लावून चांगलं रगडून घेतलं. संध्याकाळपर्यंत पोटरी दगडासारखी झाली आणि तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलं. मला परत नीट पळायला ११ आठवडे लागले. फिजिओने सोनोग्राफी बघून सांगितलं की मूळ इजा मध्यम होती, पण नंतर जे केलं त्याने रक्त जास्त साकळलं.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. पळायला नव्याने लागलेले, चाळिशीनंतर टर्फवर क्रिकेट किंवा बॅडमिंटन सुरू केलेले, शाळेच्या गॅदरिंगला पालकांच्या शर्यतीत एकदम धावलेले, गड चढणारे, सगळ्यांना हे होतं. आणि जवळजवळ सगळेच त्याच दोन चुका करतात: सुरुवातीला चोळतात आणि दुखायचं थांबलं की लगेच पळतात. पोटरीचं दुखणं आधी जातं, ताकद खूप नंतर येते. हे एक वाक्य धरून ठेवलंत तर बाकीचं सगळं आपोआप समजेल.

पोटरीत नेमकं काय असतं

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा, जो उभं राहिल्यावर फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याला दोन डोकी असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, आणि तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणजे गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली चपटा सोलियस, तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोघं खाली एकत्र येऊन टाचेमागची जाड दोरी बनते ती अकिलीस.

गुडघा सरळ आणि चवडा वर ओढलेला अशा वेळी वरच्या स्नायूवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि त्याच क्षणी त्याला जोर लावायला लावला की तंतू तुटतात. बॅडमिंटनमध्ये मागच्या पायाने झेप घेताना, रन चोरायला एकदम सुटताना, चढावर पळताना अगदी हेच होतं. बहुतेक वेळा आतल्या बाजूचं डोकं जातं, जिथे मांसल भाग संपून दोरी सुरू होते त्या जागी, म्हणजे पोटरीच्या साधारण मध्यावर आतून. याला डॉक्टर लोक टेनिस लेगसुद्धा म्हणतात, मग तुम्ही जन्मात रॅकेट धरली नसेल तरी.

सोलियसचं वेगळं आहे. तो एका झटक्यात सहसा जात नाही, पळताना खोलवर कुठेतरी आवळल्यासारखं वाटतं, थोडं थांबलं की बरं वाटतं, पुढच्या रनला परत. लांब पळणारे लोक हे आठवडेच्या आठवडे अंगावर काढतात.

गोळा, इजा की आणखी काही?

गोळा किंवा वांब आला तर स्नायू डोळ्यांदेखत घट्ट होतो, भयंकर दुखतं, पण ताणल्यावर काही मिनिटांत सुटतो आणि नंतर थोडा ठणका सोडला तर तुम्ही चालू शकता. रात्री झोपेत येतो तो बहुतेक हाच.

स्नायूला इजा झाली असेल तर बऱ्याच जणांना तो क्षण नक्की सांगता येतो. काहींना टक् असं जाणवतं, काहींना माझ्यासारखा खडा लागतो. ताणल्यावर बरं वाटण्याऐवजी जास्त दुखतं, चवड्यावर उभं राहता येत नाही किंवा दुखतं, आणि बोटाने दाबत गेलं की एक ठरावीक जागा सापडते.

आता घरच्या घरी दोन गोष्टी बघा, हळू हळू, जोर न लावता. गुडघा सरळ ठेवून टाच उचलायचा प्रयत्न करा, मग गुडघा वाकवून. सरळ गुडघ्याला जास्त दुखलं तर वरचा स्नायू असण्याची शक्यता जास्त, वाकवल्यावर खोल, खालच्या बाजूला दुखलं तर सोलियस. हे शंभर टक्के निदान नव्हे, पण पुढे व्यायाम कुठला जास्त लागेल ते यावरून कळतं.

किती गंभीर, त्याचा ढोबळ अंदाज असा. चालता येतंय, फक्त जोर लावल्यावर दुखतंय, सूज जवळजवळ नाहीच: सौम्य, साधारण १ ते ३ आठवडे. लंगडताय, एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं अशक्य, सूज आणि काळंनिळं: मध्यम, ४ ते ८ आठवडे धरा. पाय टेकवत नाही, पोटरीत खड्डा लागतोय: पूर्ण फाटलेला असू शकतो, ३-४ महिने किंवा जास्त, आणि तो डॉक्टरांनीच बघायचा. काळंनिळं दोन-तीन दिवसांनी घोट्यापर्यंत खाली उतरलं तर घाबरू नका, रक्त आपल्या वजनाने खाली सरकतं एवढंच.

इथे मात्र वाट बघू नका

हा भाग घाईत वाचू नका.

पहिलं, टाचेमागची दोरी. टाचेच्या वर ४-५ सेंटीमीटरवर कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, मोठा आवाज आला, तिथे बोट बुडतंय, तर घरातल्या कुणाला सांगा. तुम्ही पलंगावर पालथं झोपा, पावलं कडेबाहेर लोंबती ठेवा, आणि त्यांनी पोटरीचा मांसल भाग हलकेच दाबायचा. दाबल्यावर पाऊल आपोआप खाली झुकायला हवं. बऱ्या पायाला झुकतं आणि दुखऱ्याला हलतच नाही असं दिसलं तर दोरी तुटलेली असू शकते, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा. याला थॉम्पसन टेस्ट म्हणतात. बोटं हलतायत म्हणून दोरी शाबूत आहे असं समजू नका, बोटं हलवणारे स्नायू वेगळे असतात.

दुसरं, शिरेतली गुठळी, म्हणजे डीव्हीटी. हिच्याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं, कारण हिला लोक पोटरी धरली म्हणून चोळत बसतात. काही उडी नाही, पळणं नाही, तरी एक पोटरी सुजली, गरम लागतेय, लालसर, दुखतेय, आणि त्याआधी लांबचा विमान किंवा बस प्रवास, ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, कॅन्सरचे उपचार यातलं काही असेल, तर चोळायचं अजिबात नाही. त्याच दिवशी डॉक्टर, ते डॉपलर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह बघणारी) सांगतील. सोबत धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर १०८ ला फोन करा, ती गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. आणि पोटरीला मार लागून पाय बरेच दिवस न हलवता ठेवला तरी गुठळी होऊ शकते, म्हणजे आधी इजा होती म्हणून नंतरची वाढती सूज सोडून द्यायची नाही.

तिसरं, पोटरी लाकडासारखी ताठ, पाऊल बधिर, मुंग्या, दुखणं तासातासाला वाढतंय आणि गोळीने कमी होत नाही. सरळ इमर्जन्सीला.

अजून एक, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन अशा गटाची अँटिबायोटिक्स चालू असतील किंवा नुकतीच झाली असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, या औषधांनी टाचेची दोरी कमजोर होऊ शकते.

पहिले ३ दिवस

खेळ तिथेच थांबवा. शेवटची ओव्हर, शेवटचा किलोमीटर, काही नाही. रिक्षा बोलवा.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून गुडघ्याच्या खालपर्यंत गुंडाळा, खाली थोडं घट्ट, वर सैल. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर सोडून परत बांधा, आणि झोपताना काढा. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच, दिवसात जेवढा वेळ जमेल तेवढा. दुखण्यासाठी बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर नको.

घरात कुणीतरी आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप घेऊन येईलच. आमच्याकडे आईने आणला होता. लेप नुसता वरून लावला तर त्याने स्नायू जुळत नाही आणि बिघडतही नाही, फक्त गरम करून लावू नका आणि लावताना रगडू नका. या ३ दिवसांत खरी बंदी यांना: शेक, तेलमालिश, दारू, जोराने ताणणं आणि 'चालून मोकळं होईल' म्हणून चालणं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात, शेकल्याने किंवा रगडल्याने रक्तस्राव वाढतो.

गोळी हवीच असेल तर पॅरासिटामॉलपासून सुरुवात करा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे स्वतःच्या मनाने नको, विशेषतः बीपी, किडनी, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर.

आता आपल्या घरांमधली गोष्ट, जी बाहेरच्या लेखांमध्ये सापडत नाही. उकिडवं बसल्यावर घोटा पूर्ण वाकतो आणि पोटरीची खालची दोरी टोकापर्यंत ताणली जाते, म्हणून पहिले दोन आठवडे तरी देशी संडासाऐवजी कमोड वापरा, नसेल तर मेडिकलच्या दुकानात कमोडची घडीची खुर्ची मिळते. सूर्यनमस्कारही बंद, त्यातल्या पर्वतासनात टाचा जमिनीला टेकवताना पोटरीचा वरचा स्नायू ओढला जातो. आणि सपाट स्लिपर, कोल्हापुरी काही दिवस बाजूला, घरातसुद्धा थोडी टाच असलेले बूट घाला, आत सेंटीमीटरभर जाडीचा सिलिकॉनचा हील कप टाका, दोन्ही बुटांत, नाहीतर कंबर वाकडी होते. एवढ्याशा उंचीने पोटरीवरचा ताण किती कमी होतो ते पहिल्या पावलाला कळतं.

काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या नाही, बऱ्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि उजवी पोटरी असेल तर अचानक ब्रेक मारता येईल याची खात्री होईपर्यंत गाडी चालवू नका.

हलवायला सुरुवात

पूर्ण आराम दोन-तीन दिवसांच्या पुढे नको. झोपून, न दुखेल इतपत पाऊल वर-खाली, २० वेळा, दिवसातून चार-पाचदा. मी अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायचे, क पासून कः पर्यंत, सगळ्या दिशांना घोटा फिरतो.

दुखण्याला ० ते १० मध्ये मार्क द्या. व्यायाम करताना २-३ पर्यंत चालेल, त्याच्यावर गेलं तर थांबा. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना लागतो. कालच्यापेक्षा जास्त आखडलं असेल तर काल जास्त झालं, एक पायरी मागे या. हा सकाळचा नियम मी शेवटपर्यंत पाळला आणि कुठल्याही वेळापत्रकापेक्षा तोच उपयोगी पडला.

मग जागच्या जागी जोर लावणं: खुर्चीत बसून चवडा जमिनीवर दाबा, टाच न उचलता, ३० सेकंद, ५ वेळा. लंगडणं थांबेपर्यंत लांब चालू नका, पावलं लहान टाका. लंगडत हजार पावलं चालण्यापेक्षा नीट शंभर चाला.

टाचा उचलणं: सगळं काम इथे आहे

मशीनवरच्या शेकाने बरं वाटतं, टेपने आधार वाटतो, पण तुटलेल्या तंतूंच्या जागी जे नवीन ऊतक तयार होतं त्याला ताकद येते ती वजन दिल्यावरच, तेही हळूहळू वाढवत. कंटाळवाणं आहे. करावंच लागतं.

बसून सुरुवात. खुर्चीत बसा, दोन्ही टाचा उचला, दोन सेकंद वर, तीन सेकंदात खाली. १५ चे ३ सेट. सोपं झालं की मांडीवर ५ किलो तांदळाची पिशवी ठेवा, मग १० किलो. गुडघा वाकलेला असल्यामुळे यात सोलियस काम करतो.

पुढे ओट्याला धरून उभं राहून, दोन्ही पायांवर. इथे आरशात बघा किंवा कुणाला तरी बघायला सांगा, कारण शरीर फार हुशारीने दुखऱ्या पायावरचं वजन चोरतं. मी दोन वजनकाटे शेजारी ठेवून एकेक पाय ठेवून बघितलं होतं: मला वाटत होतं निम्मं-निम्मं, काटा सांगत होता ३८ आणि २३. त्यानंतर काट्यावर बघूनच करायचे.

मग दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एकट्या पायाने खाली, अगदी सावकाश. हे जमलं की एका पायावर वर-खाली. पहिल्या दिवशी माझ्याकडून ४ झाले आणि टाच जेमतेम दोन बोटं उचलली जात होती, दुसऱ्या पायाला २६. चालताना तोपर्यंत काहीच दुखत नव्हतं! माझ्या ओळखीतले बहुतेक लोक इथेच फसले, कारण या टप्प्याला पाय बरा वाटतो आणि माणूस शूज घालून बाहेर पडतो.

एका पायाचे करताना गुडघा सरळ, अंगठ्याकडे वजन, पूर्ण उंची. उंची कमी झाली की तो मोजायचा नाही. दारावर टाचेच्या सर्वोच्च जागी पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येक वेळी तिथपर्यंत न्या. एक दिवसाआड, ३ सेट. शेवटी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच पायरीच्या खाली सोडून वर, आणि पाठीवर वजनाची सॅक. पायरीचा हा प्रकार घाईने आणू नका, खाली सोडताना तो स्नायू ताणून जोर मागतो, म्हणजे जशी इजा झाली होती तसंच.

ताणण्याचे व्यायाम मध्यम इजेत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर, भिंतीला हात टेकवून, एकदा गुडघा सरळ, एकदा वाकवून, हलकी ओढ बसेल एवढंच.

परत पळणं

तारीख बघून सुरू करू नका, या गोष्टी बघून करा: ३०-४० मिनिटं भरभर चालताना आणि दुसऱ्या सकाळी काही नाही, एका पायावरचे टाचा उचलणे बऱ्या पायाच्या निदान ९० टक्के आणि निदान २०, दाबल्यावर जागा दुखत नाही, आणि एका पायावर जागच्या जागी २० उड्या न दुखता, न बिचकता. उड्या आधी दोन्ही पायांवर, दोरीवरच्या उड्यांसारख्या, मग लंगडीसारख्या. लंगडी हा आपला खेळच या कामाला छान आहे, घरातल्या हॉलमध्ये चार घरं आखा.

पहिला रन सपाट रस्त्यावर: १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा, एक दिवस सोडून परत. मग २ आणि २, मग ३ आणि १. आधी वेळ वाढवा, मग वेग, सगळ्यात शेवटी चढ. चढावर घोटा जास्त वाकतो आणि पोटरी प्रत्येक पावलाला ताणून जोर लावते, म्हणून घाट, सिंहगड, पेडर रोडचा चढ हे शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. टर्फवाल्यांनी आधी सरळ पळणं, मग वळणं, मग एकदम सुटणं आणि थांबणं, मग मॅच. पळताना पोटरी आवळायला लागली तर 'वॉर्मअप होईल' म्हणून रेटू नका, थांबा, चालत घरी या, दोन दिवस मागच्या पायरीवर.

एकदा इजा झालेल्या पोटरीला परत होण्याची शक्यता जास्त असते, वय वाढेल तशीही वाढते. त्यामुळे मी आठवड्यातून दोनदा एका पायावरचे टाचा उचलणे अजून करते, सरळ गुडघ्याने आणि वाकलेल्या गुडघ्याने, दात घासताना नाही, नीट वेळ देऊन. नवीन बूट कमी टाचेचे घेतलेत तर एकदम सगळे रन त्यात करू नका, पहिले दोन-तीन आठवडे जुने आणि नवे आलटून पालटून घाला. थंडीत पहाटे सुरू करण्याआधी ५-७ मिनिटं चाला, १५ टाचा उचला, मग सुटा.

दोन आठवड्यांत लंगडणं गेलं नाही, किंवा सहा आठवड्यांत एका पायावर टाच उचलली जात नसेल, किंवा तीच जागा दुसऱ्यांदा गेली असेल तर स्पोर्ट्स फिजिओथेरपिस्ट किंवा ऑर्थोपेडिककडे जाऊन सोनोग्राफी विचारा. एक्स-रेमध्ये स्नायू कळत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आलाय' यावर समाधान मानू नका. जाताना वहीत तारखेनिशी लिहून न्या: कोणत्या दिवशी किती उचलले, सकाळी किती दुखलं. माझ्या फिजिओने ती वही पहिल्या पाच मिनिटांत वाचली आणि तिथूनच पुढचा आठवडा ठरवला.